कास्तेलनोदारीचे कासुले : लहान फ्रेंच गावातल्या रेस्तराँत जेवताना

गारोनकाठ (धागाकर्ता)

विमानउद्योगाच्या निमित्ताने तुलूझमध्ये बरीच मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्याकडे भारतातून पाहुणे आले की खरे फ्रेंच जेवण कुठे मिळेल, हा प्रश्न हमखास निघतो. माझे उत्तर ठरलेले आहे. शहरातल्या नावाजलेल्या रेस्तराँत टेबल मिळवण्याची धडपड करू नये. आग्नेयेला साठेक किलोमीटरवर असलेल्या कास्तेलनोदारी या गावी जावे, तिथल्या एखाद्या साध्या रेस्तराँत दुपारी साडेबाराला बसावे आणि गाव जे खाते तेच मागवावे. तुलूझहून रेल्वेने पाऊण तासाच्या आसपास लागतो. गाव लहान आहे, वस्ती बारा हजारांच्या आसपास. १६८१ मध्ये पूर्ण झालेला कनाल द्यू मिदी हा कालवा इथे एका विस्तीर्ण जलाशयात येऊन थांबल्यासारखा वाटतो आणि पुढे एकापाठोपाठ एक अशा चार जलकक्षांच्या पायऱ्यांनी खाली उतरतो. जेवणाआधी तासभर त्या काठाने चालावे, कारण पुढे जे ताटात येणार आहे त्याला भूक लागते.

ताटात येणार असते कासुले. पांढरा घेवडा, बदकाची कोन्फी (मिठात मुरवून बदकाच्याच चरबीत शिजवलेली तंगडी), डुकराच्या मांसाचे तुलूझी सॉसेज, डुकराचे मांस आणि त्याची सोललेली जाड कातडी हे सगळे मातीच्या पसरट भांड्यात भट्टीत तासन्‌तास शिजवून केलेला हा पदार्थ आहे. पाककृती कुठेही वाचायला मिळते. मला लिहायचे आहे ते वेगळेच. लहान गावातल्या फ्रेंच रेस्तराँचे जे नियम आपल्या लोकांना ताठर वाटतात, म्हणजे फळ्यावर जेमतेम चार पदार्थ, दोननंतर स्वयंपाकघर बंद, 'यातले हे काढा आणि ते घाला' या विनंतीला सौम्य पण ठाम नकार, ते सगळे तिथल्या स्थानिक पदार्थांच्या घडणीतून आलेले आहेत, असे माझे मत आहे. कासुले कसे होते ते नीट पाहिले की हे नियम आपोआप समजतात.

तुम्ही बुधवारी दुपारी जे कासुले खाता त्याची सुरुवात उशिरात उशिरा सोमवारी रात्री झालेली असते. घेवडा रात्रभर भिजतो. सकाळी तो पाच मिनिटे उकळून ते पाणी टाकून देतात. दुसरीकडे डुकराची कातडी, हाडे, कांदा आणि गाजर यांचे सूप काढून गाळून घेतात आणि त्या सुपात घेवडा तासभर शिजवतात. दाणा मऊ व्हायला हवा, पण फुटायला नको, आणि यातच स्वयंपाक्याची सगळी कसोटी असते. बदकाची तंगडी तर त्याच्याही आधी मिठात मुरवून, बदकाच्याच चरबीत मंद आचेवर शिजवून, त्याच चरबीत बुडवून ठेवलेली असते. मग भांड्याच्या तळाशी कातडी, तिच्यावर घेवडा, त्यावर मांस, पुन्हा घेवडा आणि वरच्या थरात अर्धवट बुडवलेली सॉसेजेस असे थर लावून वरून घेवड्याला झाकेल इतके सूप ओततात. भट्टीचे तापमान १५० ते १६० अंशांच्या दरम्यान राखतात आणि भांडे दोन-तीन तास आत राहते. वर तपकिरी साय धरते, ती मोडून आत दाबतात, पुन्हा धरते, पुन्हा मोडतात. जुने लोक सात वेळा मोडायला सांगतात. एवढे झाल्यावर बहुतेक ठिकाणी ते त्या दिवशी वाढत नाहीत. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा दीडेक तास मंद गरम करतात, कारण मुरल्यावरच घेवड्यात चरबीची आणि सुपाची चव उतरते.

हे ज्याला समजले त्याला फळ्यावर चारच पदार्थ का, हे विचारावे लागत नाही. अशा रेस्तराँत बहुधा नवरा-बायकोच सगळे सांभाळतात. एक आत स्वयंपाक करतो, दुसरा बाहेर वाढतो, फार तर एखादा मदतनीस असतो. इतक्या हातांत दोन दिवस चालणारा एक पदार्थ, त्याच्या जोडीला बाजारात जे चांगले मिळाले त्याचे एक-दोन पदार्थ आणि गोडाचे दोन प्रकार, एवढेच नीट होऊ शकते. ज्या गावात वीस पानांचे, सहा भाषांतले, छायाचित्रांसह छापलेले मेन्यूकार्ड हातात पडते तिथे स्वयंपाकघर नव्हे, शीतपेटी काम करते आहे असे मी धरून चालतो. रोजच्या तारखेचा पाटीवर खडूने लिहिलेला मेन्यू, त्यातही घासून पुसलेल्या ओळी, म्हणजे सकाळी होते ते संपले याची खूण, दिसल्या की मी निर्धास्तपणे आत जातो.

फ्रान्समध्ये २०१४ पासून 'घरीच केलेले' या अर्थाचे एक अधिकृत चिन्ह वापरात आहे. झाकणाच्या जागी छप्पर असलेले भांडे असे त्याचे चित्र असते. कच्च्या मालापासून त्याच जागी शिजवलेल्या पदार्थासमोरच ते लावता येते. ते दिसले तर चांगलेच, पण नसले म्हणून रेस्तराँ वाईट ठरत नाही, कारण पुष्कळ लहान ठिकाणी ते छापण्याचा खटाटोप कोणी करत नाही.

आता टेबलावर काय होते ते सांगतो. भांडे, ज्याला कासोल म्हणतात, थेट भट्टीतून लाकडी फळीवर ठेवून आणतात. त्याचा आकार वर रुंद आणि खाली निमुळता असतो, आतून झिलई दिलेली, बाहेरून कोरी तांबूस माती. त्या रुंद तोंडामुळेच वर सायीला भरपूर जागा मिळते. पारंपरिक भांडी जवळच्या इसेल गावच्या मातीची असत. टेबलावर आल्यानंतरही कडेने बुडबुडे येत असतात आणि मधली साय मात्र स्थिर, गडद, थोडी तडकलेली असते. वाढणारी बाई मोठा चमचा देऊन निघून जाते, कारण पहिला चमचा घालण्याचा मान जेवणाऱ्याचा. साय मोडली की आतून लसणाची आणि चरबीची वाफ येते आणि खाली दाणे एकेक वेगळे, तरीही एकाच दाट रसात बसलेले दिसतात. कोन्फी काट्याने नुसती स्पर्शली तरी हाडापासून सुटते. मला यात मांसाहूनही घेवडाच अधिक आवडतो. सगळ्या मांसाने आपले जे काही होते ते त्याला देऊन टाकलेले असते.

सोबत आंबट चवीचे हिरवे सॅलड आणि पाव, एवढे पुरे. वाइन घेणाऱ्यांनी दूरच्या प्रसिद्ध बाटलीच्या मागे लागू नये. कोर्बियेर, मिनेर्वुआ, कार्कासोनजवळची मालपेर यांसारखी आसपासच्या डोंगरउतारांवरची तांबडी वाइन काचेच्या लहान सुरईतून स्वस्तात मिळते आणि चरबीला तीच कापते. पाणी विकत घ्यायची गरज नसते. साध्या नळाच्या पाण्याची सुरई मागितली की मिळते, तिचे आणि पावाचे पैसे लागत नाहीत. बिलात दिसतो त्या भावात सेवाशुल्क धरलेलेच असते, तसा नियम १९८७ पासून आहे. वर दोन-तीन नाणी ठेवायची असतील तर ठेवावीत, नाही ठेवली तरी कोणी तोंड वाकडे करत नाही.

ज्यांनी लहान फ्रेंच गावांत, मग ते कुठलेही असो, स्थानिक पदार्थ खाल्ले आहेत त्यांनी आपले अनुभव लिहावेत. विशेषतः शाकाहारी मंडळींनी कशी वाट काढली ते वाचायला आवडेल.

---

भटकी

लेख मनापासून आवडला, पण वेळेबाबत मला तक्रार मांडायची आहे. दोर्दोन्य भागात आम्ही गाडीने फिरत होतो. एका गावात पोचायला दुपारचे सव्वादोन वाजले. रेस्तराँत दोन टेबलांवर लोक जेवत होते, आतून भांड्यांचा आवाज येत होता, तरीही आम्हाला जेवण मिळणार नाही असे सांगण्यात आले. सोबत सासूबाई होत्या, त्यांना मधुमेह आहे, हेही सांगून पाहिले. शेवटी पाव आणि चीज दिले, पण गरम पदार्थ नाहीच. पाहुण्याला दारातून उपाशी पाठवणे आपल्या मनाला पटत नाही. स्वयंपाकघरात माणसे आहेत, अन्न आहे, मग दोन ताटे वाढायला काय हरकत होती, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

---

गारोनकाठ

भटकी, तुमच्या सासूबाईंना झालेला त्रास कळतो आणि अशा प्रसंगी निदान आमलेट करून द्यायला हवे होते, असे मलाही वाटते. पण त्या आवाजाचा अर्थ वेगळा असतो. लहान रेस्तराँचा स्वयंपाकी सकाळी आठ-नऊला कामाला लागतो, दोनला चुली बंद करतो, तीनपर्यंत घासपूस उरकतो आणि संध्याकाळी सहाला पुन्हा उभा राहून रात्री अकराला घरी जातो. मधले तीन तास हीच त्याची विश्रांती असते. सव्वादोनला चूल पुन्हा पेटवली तर ती विश्रांती जाते, आणि एकाला वाढले की अडीचला आलेल्या दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. शिवाय त्या दिवसाचे अन्न मोजून केलेले असते. गवंडी, बँकेतले कर्मचारी, पेन्शनर हे रोजचे गिऱ्हाईक बारा ते एकच्या दरम्यान येऊन जाते. त्यांच्यासाठीच दुपारचा ठरावीक मेन्यू असतो, एक सुरुवातीचा पदार्थ, एक मुख्य, एक गोड, आणि तो रात्रीच्या मेन्यूपेक्षा बराच स्वस्त असतो. प्रवाशाने या घड्याळात स्वतःला बसवले तर त्याच पैशांत दुप्पट चांगले जेवण मिळते.

मधुमेही माणूस सोबत असेल तर फोन करून टेबल राखून ठेवणे हाच उत्तम मार्ग आहे. एकदा नाव लिहिले गेले की उशीर झाला तरी बहुतेक लोक थोडे थांबतात. आत शिरताना पहिला शब्द 'बाँझूर' असावा, हेही विसरू नये. तो न म्हणता थेट 'टेबल आहे का' असे विचारणे तिथे उद्धटपणाचे समजतात आणि त्याचा परिणाम पुढच्या अर्ध्या तासावर होतो.

---

सांजवेळ

मी शाकाहारी आहे आणि काही वर्षे ब्रिटनीत राहिले आहे, म्हणून शाकाहाराबद्दल थोडे सविस्तर लिहिते.

कासुलेचा नाद शाकाहारी माणसाने मुळीच करू नये. मांसाचे तुकडे बाजूला काढून घेवडा खाता येईल, असे आपल्याकडचे काहीजण सुचवतात, पण तो घेवडा डुकराच्या कातडीच्या सुपात आणि बदकाच्या चरबीतच शिजलेला असतो. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये सॅलडसुद्धा विचारूनच घ्यावे, कारण त्यात खारवलेल्या डुकराचे बारीक तुकडे किंवा बदकाच्या पोटाचे तुकडे बहुधा असतात. 'मी मांस खात नाही' एवढे सांगून भागत नाही. मासे नको, डुकराचे तुकडे नकोत, मांसाचे सूपही नको, हे एकेक करून सांगावे लागते.

ओब्राकच्या पठारावर, लायोल गावाच्या आसपास, अलिगो नावाचा पदार्थ मिळतो. उकडलेल्या बटाट्याचा लगदा, त्यात लोणी, साय, थोडा लसूण आणि तोम नावाचे ताजे, न मुरवलेले चीज. प्रमाण साधारण किलोभर बटाट्याला चारशे ग्रॅम चीज. लाकडी चमच्याने ते इतके घोटतात की शेवटी हातभर लांब, तुटत नाहीत असे रेशमी धागे निघतात. रेस्तराँत वाढणारा टेबलापाशी येऊन चमचा डोक्याच्या वर नेतो, मग कडेला कात्री मारल्यासारखे तो धागा तोडून ताटात सोडतो. ते थंड झाले की घट्ट होते, त्यामुळे गप्पा नंतर माराव्यात. सोबत सॉसेज देण्याची रीत आहे, पण नुसते अलिगो आणि सॅलड मागितले तर देतात. एक गोष्ट मात्र काटेकोर शाकाहारी लोकांना माहीत असायला हवी. फ्रान्समधली बहुतेक पारंपरिक चीजे वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात. ज्यांना ते चालत नाही त्यांना अलिगोही चालणार नाही. हे मी कोणाचे मन मोडायला लिहीत नाही. माझ्या आईला नंतर कळले असते तर तिला फार वाईट वाटले असते, म्हणून मी आधीच सांगितले होते.

खरी सोय ब्रिटनीत आहे. तिथल्या लहान गावांतही गालेतची दुकाने असतात. गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचा पातळ, जाळीदार, कडेला कुरकुरीत होणारा घावन. हे तेच पीठ, जे उत्तर भारतात उपवासाला चालते. मोठ्या सपाट तव्यावर लाकडी पट्टीने ते पीठ एका फिरवणीत पसरवतात, वर खारे लोणी लावतात आणि अंडे, चीज, मशरूम, कांदा असे जे मागाल ते घालून चारही कडा आत दुमडतात. अंडे न खाणाऱ्यांना चीज-मशरूमचा पर्याय असतो आणि पीठ बहुतेक ठिकाणी पाणी आणि मीठ एवढ्यावरच भिजवतात, तरी विचारून घ्यावे. सोबत सफरचंदाची सायडर मातीच्या वाटीतून पितात. गोडाला गव्हाच्या पिठाचा क्रेप आणि वर खाऱ्या लोण्याचे कॅरॅमल. हे सगळे पोटाला कासुलेपेक्षा कितीतरी हलके असते.

आणखी एक नाव सांगते. ल प्वी या गावाच्या परिसरातली हिरवी मसूर. ज्वालामुखीच्या मातीत वाढणाऱ्या या डाळीला १९९६ मध्ये उगमस्थानाचे संरक्षित नाव मिळाले. तिचे टरफल पातळ असते, ती भिजवावी लागत नाही आणि शिजल्यावरही दाणा अखंड राहतो. तिथल्या रेस्तराँत ती खारवलेल्या डुकराबरोबर वाढतात, पण मसुरीचे थंड सॅलडही फळ्यावर पुष्कळदा असते, आणि तेच माझे दुपारचे जेवण होत असे.

---

जुने पान

धागाकर्त्यांनी इतिहासाला हात लावलेला नाही, म्हणून चार ओळी भर घालतो. कासुलेच्या जन्माची जी गोष्ट कास्तेलनोदारीत सांगतात ती शंभर वर्षांच्या युद्धातली आहे. इंग्रजांचा वेढा पडला, गावात खायला उरले होते ते सगळे लोकांनी एकाच भांड्यात शिजवले, ते खाऊन सैनिकांना असा जोर चढला की त्यांनी शत्रूला पार समुद्रापर्यंत पळवून लावले, असा तिचा आशय आहे. प्रत्यक्षात १३५५ मध्ये इंग्लंडच्या 'ब्लॅक प्रिन्स' राजपुत्राच्या सैन्याने हे गाव जाळले होते, म्हणजे विजयाचा भाग गावाच्या अभिमानातून आलेला दिसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आजचा पांढरा घेवडा त्या काळी युरोपात नव्हताच. तो अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात आला. त्याआधी असे काही शिजत असेल तर त्यात युरोपातली जुनी फावा शेंग असणार. कास्तेलनोदारी ज्यात येते त्या लोरागे परगण्याची जहागीर फ्रान्सची राणी कातरीन द मेदिची हिच्याकडे होती आणि तिने या भागात घेवड्याच्या लागवडीला हातभार लावला असेही सांगतात.

कासुलेवर हक्क सांगणारी गावे तीन आहेत. कार्कासोनमध्ये जन्मलेल्या प्रोस्पेर मोंतान्ये या प्रसिद्ध पाकशास्त्रज्ञाच्या नावावर एक वचन सांगितले जाते. कासुले हा ऑक्सितानी (दक्षिण फ्रान्सच्या) स्वयंपाकाचा देव, त्यात कास्तेलनोदारी हा पिता, कार्कासोन हा पुत्र आणि तुलूझ हा पवित्र आत्मा, असा त्याचा भावार्थ. कार्कासोनच्या पद्धतीत मेंढीचे मांस आणि शिकारीच्या मोसमात तितर घालत, तुलूझकर आपल्या सॉसेजचा आग्रह धरतात. धागाकर्त्यांनी एकाच गावाची बाजू घेतली आहे. मी कार्कासोनच्या बाजूने बोलेन. तिथे तटबंदीच्या आत पर्यटकांची गर्दी आहे हे खरे, पण तटाखालच्या गावात, नदीच्या अलीकडे, मी खाल्लेले मेंढीचे कासुले कास्तेलनोदारीच्या कोणत्याही भांड्याला मागे टाकेल.

---

गारोनकाठ

जुने पान, तुमचा आग्रह मान्य, पण मी माझ्या गावावर ठाम आहे. मेंढीच्या मांसाचा वास घेवड्यावर स्वार होतो, असे मला वाटते. कास्तेलनोदारीत १९७० पासून कासुलेचा एक बंधुसंघ आहे. त्याचे सदस्य लांब झगे आणि कासोलच्या आकाराची टोपी घालून मिरवतात, आणि गावाची पाककृती शुद्ध राहावी याकडे लक्ष देतात. त्या पाककृतीत पावाचा चुरा मुळीच नाही. वरची साय घेवड्याच्या पिठूळपणातून आणि सुपातल्या चिकटीतूनच धरली पाहिजे.

यावरून पर्यटकांसाठी उरकलेले कासुले कसे ओळखावे, हेही सांगता येते. पहिली खूण म्हणजे वर पावाच्या चुऱ्याचा एकसारखा सोनेरी थर. दुसरी म्हणजे भांडे गरम आहे पण मध्य थंड, म्हणजे मायक्रोवेव्हचे काम. ऑर्डर दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आले म्हणून मात्र कोणी संशय घेऊ नये. आदल्या दिवशी शिजवून पुन्हा गरम करणे ही त्याची मूळ पद्धतच आहे. तसेच डब्यातल्या कासुलेला नाक मुरडू नये. हवाबंद डब्यांत आणि काचेच्या बरण्यांत कासुले भरणे हा या गावाचा जुना आणि मोठा उद्योग आहे, आणि चांगल्या कारखान्याची बरणी घरी नेऊन मंद ओव्हनमध्ये तापवली तर ती समाधान देते. फक्त ती रेस्तराँत, त्या भावात, त्या फळ्यावर नसावी.

---

चुलीपाशी

मला स्वयंपाकातला रस आहे म्हणून विचारते. मी पुण्यात असते. लँगो हा तिथला घेवडा आपल्याकडे मिळत नाही. आमच्याकडे कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा येतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो, राजमा आणि हा फ्रेंच घेवडा एकाच जातीचे आहेत, असे मी वाचले आहे. शिवाय घरात डुकराचे मांस चालत नाही. चिकनच्या तंगड्या आणि मटण घेऊन, मातीच्या पसरट भांड्यात असे काही करता येईल का? साय धरण्यासाठी मी एकदा प्रयत्न केला, पण वर नुसता कोरडा पापुद्रा आला आणि आत पाणी राहिले.

---

गारोनकाठ

चुलीपाशी, जात एकच असल्याने वाघ्या घेवडा चालेल. तो लँगोपेक्षा लहान असतो आणि लवकर शिजतो, म्हणून पहिल्या उकळीनंतर वीस-पंचवीस मिनिटांतच दाणा दाबून पाहायला सुरुवात करा. कुकर मात्र वापरू नका, शिटी झाली की टरफले सुटतात आणि मग रस गढूळ होतो.

पापुद्रा आणि पाणी या दोन्हींचे कारण बहुधा एकच असावे. सुपात चिकटी कमी पडली. डुकराच्या कातडीचे काम चवीपेक्षा चिकटीचे असते. तिच्यातल्या जिलेटिनमुळे सूप दाट होते आणि वर आलेला थर वाळण्याऐवजी चकाकतो. तुमच्याकडे तेच काम बकऱ्याचे पाय करतील. पायांचे सूप चार-पाच तास मंद आचेवर काढा, गाळा, थंड करून पाहा. ते थिजले तर योग्य आहे. घेवडा त्या सुपात शिजवा, हळद-मसाला घालू नका, फक्त लसूण, मिरपूड, मीठ. मीठ शेवटी बघून घाला. चिकनच्या तंगड्या आदल्या रात्री मिठात मुरवून तुपात किंवा चिकनच्याच चरबीत अगदी मंद शिजवल्या तर कोन्फीच्या जवळपास जातात. ओव्हन १५० अंशांवर ठेवा आणि भांडे झाकू नका. साय धरली की चमच्याच्या पाठीने दाबा, बाजूने सूप वर येईल, ते कोरडे दिसले तर आणखी थोडे सूप कडेने सोडा. वरून कधीही ओतू नका, साय भिजते. मातीचे भांडे नवीन असेल तर ते आधी पाण्यात बुडवून ठेवा आणि थंड ओव्हनमध्येच आत सारा, नाहीतर तडकेल.

याला कासुले म्हणायला बंधुसंघाची मंडळी तयार होणार नाहीत, पण जेवण उत्तम होईल.

---

ओसरी

आम्ही मे महिन्यात जाणार आहोत. सोबत सत्तरीचे आई-वडील आणि आठ वर्षांची मुलगी. आई-वडील चिकन, मासे खातात, डुकराचे खात नाहीत. रात्री हलके जेवायची सवय आहे. अशा कुटुंबाने कास्तेलनोदारीला जावे की नाही? एक भांडे मागवून चौघांनी वाटून घेतले तर चालते का?

---

गारोनकाठ

ओसरी, जरूर जा, पण कासुले तुम्ही दोघांनीच मागवा आणि दुपारीच. रात्री ते पचायला जड जाते, आणि लहान गावांत रात्रीचे जेवण साडेसातच्या आधी सुरूच होत नाही, तेव्हा मुलीचीही पंचाईत होईल. चौघांत एकच ताट वाटून घेणे तिथे रुचत नाही, कारण टेबल त्या वेळेपुरते तुमचेच असते, त्यावर दुसरे गिऱ्हाईक बसवत नाहीत. कासुले मात्र पुष्कळ ठिकाणी 'दोघांसाठी' म्हणूनच मिळते आणि तो वाटा आपल्या लोकांना तिघांना पुरतो. आई-वडिलांसाठी त्या दिवशीचा मासा किंवा कोंबडीचा पदार्थ फळ्यावर आहे का ते टेबल राखताना फोनवरच विचारून घ्या. बदकाची तंगडी, भाजलेल्या बटाट्यांसह, वेगळीही मिळते, त्यात डुकराचे काही नसते, तरी बटाटे कोणत्या चरबीत भाजले ते विचारावे. मुलांचा मेन्यू बहुतेक ठिकाणी असतो, मुलीला मुख्य पदार्थाऐवजी नुसते गोड आणि चीज हवे असेल तर तेही समजून घेतात.

सुरुवातीचा पदार्थ कोणीही मागवू नका, पोटात जागा राहत नाही. सोमवारी गावात आठवड्याचा बाजार भरतो, तो पाहण्यासारखा आहे, पण पुष्कळ रेस्तराँ त्या दिवशी किंवा रविवारी संध्याकाळी बंद असतात. मंगळवार ते शुक्रवारमधला एखादा दिवस धरा, अकराच्या सुमारास पोचा, आई-वडिलांना जलाशयाच्या काठावर बाकावर बसवा, आणि साडेबाराचे टेबल आदल्या दिवशीच फोन करून सांगून ठेवा. कासुले घेणार आहात हेही तेव्हाच सांगा, म्हणजे ते तुमच्या नावाचे भांडे सकाळीच भट्टीत सारतील.